फिजेट खेळण्यांवरील बंदीविषयी मुख्याध्यापक आणि पालक-शिक्षक संघांना खुले पत्र

प्रति,
माननीय मुख्याध्यापक आणि पालक-शिक्षक संघांच्या कार्यकारी समित्यांचे सदस्य,
मुंबई, ठाणे आणि पुणे परिसरातील शाळा.

महोदय / महोदया,
सविनय नमस्कार.

या सत्रात अनेक शाळांनी पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक सूचना पाठवली आहे. फिजेट स्पिनर, पॉप-इट, स्क्विशी किंवा बोटांना चाळा देणारे तत्सम कोणतेही खेळणे शाळेत आणू नये, सापडल्यास ते जप्त करण्यात येईल आणि परत मिळणार नाही, एवढाच तिचा मजकूर असतो. हा निर्णय कोणत्या बैठकीत झाला, तो कोणत्या इयत्तांना लागू आहे, आणि ज्या मुलाला थेरपिस्टनेच हातात काहीतरी ठेवायला सांगितले आहे त्याने काय करावे, याचा उल्लेख त्यात नसतो. प्राथमिक शाळेत शिकणाऱ्या दोन मुलांची आई म्हणून, आणि गेल्या काही महिन्यांत या विषयावर बऱ्याच पालकांशी सविस्तर बोलल्यानंतर, मी हे पत्र लिहीत आहे. वर्ग चालू असताना ही खेळणी नकोत, या आपल्या म्हणण्याशी मी बहुतांशी सहमत आहे. माझा आक्षेप बंदी ज्या रीतीने घातली जात आहे त्या रीतीला आहे, आणि तिच्या आडून मुलांची साधी चुळबुळसुद्धा शिस्तभंगात मोजली जाऊ लागली आहे, याला तर फारच आहे.

हे वेड आज कोणत्या रूपात आहे, ते आधी नीट पाहायला हवे. २०१७ च्या एप्रिल-मे महिन्यांत अमेरिका आणि ब्रिटनमधील अनेक शाळा तीन पात्यांच्या स्पिनरवर बंदी घालत होत्या, तेव्हा आपल्याकडे उन्हाळी सुट्टी होती. जूनमध्ये शाळा उघडल्या तेव्हा तो इथल्याही दप्तरांत पोहोचलेला होता. २०२१ मध्ये सिलिकॉनचे बुडबुडे दाबायचे पॉप-इट आले. त्या वेळी शाळा बंद होत्या आणि मुले दिवसभर पडद्यासमोर बसलेली होती, त्यामुळे हे खेळणे आधी घराघरांत रुळले आणि वर्ग भरू लागल्यावर मुलांबरोबर शाळेत आले. आता तर ही वस्तू खेळण्यांच्या दुकानापुरती राहिलेलीच नाही. पाउचच्या झाकणावर पॉप-इट असते, पेनाच्या टोपणावर फिरणारे पाते असते, पेन्सिलीच्या टोकाला दाबायचा मऊ प्राणी असतो, दप्तराच्या चेनला किचेन असते. मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटवर आणि पुण्यात रविवार पेठेत हा माल डझनावारी मिळतो, शाळेसमोरच्या स्टेशनरीच्या दुकानात तो दर्शनी भागात टांगलेला असतो, लोकलच्या डब्यात फिरते विक्रेते तो विकतात, आणि वाढदिवसाला वर्गात वाटल्या जाणाऱ्या रिटर्न गिफ्टच्या पिशवीतूनही तो येतो. अशा परिस्थितीत ‘खेळणी आणू नयेत’ या वाक्याचा अर्थ काय घ्यायचा? पॉप-इट असलेला पाउच खेळणे आहे की लेखनसाहित्य? एका तुकडीच्या वर्गशिक्षिका तो चालवून घेतात आणि शेजारच्या तुकडीत तोच जप्त होतो, असे घडले की मुलांना नियम समजत नाही. त्यांना फक्त कोणत्या बाई कडक आहेत ते समजते.

पालकांचे या विषयावर एकमत नाही, आणि ते आपल्यापर्यंत नीट पोहोचलेलेही नाही, कारण सूचनेखाली अंगठ्याची खूण करून मोकळे होण्यापलीकडे आम्हाला वाव दिला गेला नाही. म्हणून मी ऐकलेली मते इथे शक्य तितक्या प्रामाणिकपणे मांडते.

पूर्ण बंदी हवी असलेल्या पालकांची संख्या मोठी आहे आणि त्यांची कारणे खरी आहेत. मधल्या सुट्टीत या वस्तूंची अदलाबदल चालते, आणि कोणत्या वस्तूला काय मोल, हे बाजार नव्हे तर मुलेच ठरवतात; त्यामुळे अंधारात चमकणाऱ्या एका पॉप-इटसाठी कंपासपेटीतला कर्कटक आणि नवी रंगपेटी देऊन आलेले मूल घरी पोहोचते आणि दोन घरांत फोनाफोनी होते. डब्याऐवजी कँटीनसाठी दिलेले पैसे दुकानात जातात. ज्यांच्या घरी महिन्याचा हिशेब काटेकोर असतो अशा पालकांनी मला जे सांगितले, ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागांवर खासगी शाळेत शिकणाऱ्या मुलांना गणवेश, पुस्तके आणि दप्तर यांत फारसा फरक जाणवू नये, अशी अपेक्षा असते. परंतु दर पंधरवड्याला नवीन रूप घेणारी एखादी वस्तू वर्गात प्रतिष्ठेची ठरली की तो फरक बाकावर उघड मांडला जातो. पन्नास रुपयांची वस्तू ही क्षुल्लक गोष्ट आहे, असे म्हणणाऱ्यांनी ती पुन्हा पुन्हा घ्यावी लागणाऱ्या घराच्या जागी स्वतःला ठेवून पाहावे.

दुसरे मत असे की मोबाइलपेक्षा हे बरे. यात तथ्य आहे. हातातली वस्तू मुलाला एका व्हिडिओवरून दुसऱ्या व्हिडिओवर ओढून नेत नाही, तिला चार्जिंग लागत नाही, आणि दोन मुले एकाच वस्तूभोवती बसून बोलू शकतात. पॉप-इटची मूळ कल्पना तर दोघांनी मिळून खेळायच्या खेळाचीच होती: इस्रायलमधील थिओ आणि ओरा कॉस्टर या दांपत्याने १९७० च्या दशकात ती मांडली, आणि पुढे अनेक वर्षांनी एका कॅनेडियन कंपनीने तो खेळ बाजारात आणला. एका ओळीतले हवे तितके बुडबुडे आळीपाळीने दाबायचे आणि शेवटचा बुडबुडा ज्याच्या वाट्याला येईल तो हरला, असा तो साधा पण डोके चालवायला लावणारा खेळ आहे. मधल्या सुट्टीत दोन मुले तो खेळत असतील तर त्यात वाईट काय, हा या पालकांचा प्रश्न मला रास्त वाटतो. शाळेच्या सरसकट बंदीने मधली सुट्टी आणि गणिताचा तास एकाच मापाने मोजले आहेत.

तिसरे मत आजी-आजोबांचे आहे आणि ते दुर्लक्ष करण्यासारखे नाही, कारण नोकरी करणाऱ्या पालकांच्या घरी दुपारचे मूल त्यांच्याच देखरेखीखाली असते. भोवरा, गोट्या, सागरगोटे, नंतरच्या पिढीत च्युइंगगमची स्टिकरे, वेफर्सच्या पाकिटातून मिळणाऱ्या चकत्या, कुस्तीगिरांची ट्रम्प कार्डे, बेब्लेड: प्रत्येक पिढीच्या खिशात काहीतरी होते, शाळेने ते प्रत्येक वेळी जप्त केले आणि काही महिन्यांनी ते आपोआप मागे पडले, असे त्यांचे म्हणणे असते. वेड येते आणि ओसरते, हे खरेच आहे. परंतु आजच्या वस्तूंमध्ये आणि त्या जुन्या खेळांमध्ये एक मोठा फरक आहे. गोट्या खेळल्याने अभ्यासात लक्ष लागेल, असे कुणी कधी म्हटले नाही. स्पिनर मात्र एकाग्रता वाढवणारा, ताण कमी करणारा, चंचल मुलांना उपयोगी असे सांगून विकला गेला. पालकांनी तो खेळणे म्हणून घेतला त्याहून अधिक वेळा मदत म्हणून घेतला, आणि शाळेने तो खेळणे म्हणून जप्त केला. दोन्ही बाजूंनी जो राग आहे त्यातला बराचसा इथून आला आहे.

म्हणून या दाव्याबद्दल आज जे माहीत आहे ते स्पष्टपणे सांगायला हवे. सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठातील मार्क रॅपोर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ८ ते १२ वर्षांच्या मुलग्यांना स्मरणशक्तीची कामे देऊन त्यांच्या शरीराची हालचाल मोजली होती. ज्यांना अवधान-कमतरता आणि अतिचंचलता, म्हणजे एडीएचडी, होती ती मुले अधिक हालचाल करत असताना अधिक चांगली कामगिरी करत होती. ज्यांना तशी अडचण नव्हती त्यांच्या बाबतीत उलटे दिसले. विक्रेत्यांनी या निष्कर्षाचा पहिला अर्धा भाग उचलला. मात्र त्या अभ्यासातील हालचाल म्हणजे खुर्चीवर वळणे, पाय हलवणे, अंग सरकवणे अशी होती. हातातली फिरती वस्तू बघत बसणे ती नव्हती. स्वतः रॅपोर्ट यांनीही २०१७ मध्ये स्पिनरमुळे एडीएचडी असलेल्या मुलांचे लक्ष उलट विचलित होण्याची शक्यता अधिक आहे, असे सांगितले होते. पुढे फ्लोरिडा इंटरनॅशनल विद्यापीठातील संशोधकांनी एडीएचडी असलेल्या लहान मुलांना वर्गात स्पिनर देऊन पाहिले, तेव्हा मुलांचे लक्ष ढळण्याचे प्रमाण वाढले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ येथील अभ्यासात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना व्याख्यानाची चित्रफीत पाहताना स्पिनर दिला गेला, आणि त्यांना व्याख्यानातले कमी आठवले. स्पिनरचा उपयोग होतो असे आधीपासून वाटणाऱ्यांच्या बाबतीतही निष्कर्ष बदलला नाही.

याचे कारण समजायला कठीण नाही. हातातला मऊ चेंडू दाबताना डोळे फळ्यावर राहू शकतात, कारण ती क्रिया सवयीने आणि स्पर्शाने होते. स्पिनर फिरताना दिसतो, त्याचा वेग कमी झाला की तो पुन्हा फिरवावासा वाटतो, आणि शेजारच्या तीन मुलांचे डोळेही तिकडे वळतात. पॉप-इटला तर आवाज आहे. एकाच्या हातातला टपटप आवाज अख्ख्या वर्गाला ऐकू येतो. तेव्हा ज्या वस्तूला आवाज आहे, प्रकाश आहे किंवा जिच्याकडे पाहावे लागते ती वस्तू तासाच्या वेळी दप्तरात राहावी, हा नियम योग्य आहे आणि पालक म्हणून आम्ही तो घरी मुलांना समजावून सांगितला पाहिजे. यावर माझी शाळांशी तक्रार नाही.

तक्रार आहे ती यापुढच्या गोष्टीबद्दल. माझ्या परिचयातील एका कुटुंबातील मुलगा स्वमग्न आहे. त्याच्या ऑक्युपेशनल थेरपिस्टने दिलेला रबराचा छोटा तुकडा तो पहिलीपासून खिशात ठेवत असे आणि वर्गातला गोंगाट असह्य झाला की मुठीत दाबत असे. कुणाच्या लक्षातही ती गोष्ट आली नव्हती. वेड सुरू झाल्यावर ती वस्तू अचानक सगळ्यांच्या नजरेत भरली. मुले ती मागू लागली, हिसकावू लागली, ‘याला का चालते?’ असे विचारू लागली. मग बंदी आली आणि दप्तर तपासणीत तो तुकडाही गेला. आईने विचारणा केली तेव्हा तिला दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणायला सांगण्यात आले. ज्या शाळेत हे घडले तिचे नाव घेण्यात मला स्वारस्य नाही, कारण अशी हकिकत मी एकाहून अधिक पालकांकडून ऐकली आहे आणि सरसकट बंदीचा हा जवळजवळ अटळ परिणाम आहे. वेड ज्यांच्यासाठी करमणूक होते ती मुले आठ दिवसांत दुसऱ्या वस्तूकडे वळली. ज्याला तिची खरी गरज होती तोच आधी वेडाने आणि मग बंदीने नाडला गेला.

प्रमाणपत्राच्या मागणीबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केलेले आहेत; त्यांत स्वमग्नता आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, पण एडीएचडीचा स्वतंत्र उल्लेख नाही. म्हणजे ज्या मुलांना चुळबुळीची खरी निकड असते त्यांतल्या बहुतेकांकडे दाखवायला असे प्रमाणपत्र असूच शकत नाही. ज्यांना ते मिळू शकते त्यांनाही नेमलेल्या सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात अनेक चाचण्या, अनेक फेऱ्या आणि मोठी प्रतीक्षा यांतून जावे लागते. शिवाय अनेक पालकांना आपल्या मुलाचे निदान अख्ख्या शाळेत माहीत व्हावे असे वाटत नाही, आणि तो त्यांचा हक्क आहे. याच अधिनियमाच्या कलम १६ मध्ये विद्यार्थ्याच्या गरजेनुसार वाजवी सोयी पुरवण्याची अपेक्षा शिक्षणसंस्थांकडून केलेली आहे. मुठीत मावणारी, आवाज न करणारी एक वस्तू ही त्यातली सर्वांत स्वस्त सोय असेल. ती देण्यासाठी शाळेला एक रुपयाही खर्च करावा लागत नाही. वर्गशिक्षिका आणि पालक यांनी दहा मिनिटे बसून बोलावे लागते.

त्याच अनुषंगाने दप्तर तपासणीविषयी. मुलांना रांगेत उभे करून दप्तरे रिकामी करायला लावणे, ज्याच्याकडे वस्तू सापडली त्याला वर्गासमोर उभे ठेवणे, त्याचे नाव गटावर टाकणे, हे प्रकार घडले आहेत. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षेप्रमाणेच मानसिक छळालाही मनाई आहे. एका पॉप-इटसाठी नऊ वर्षांच्या मुलीला पन्नास मुलांसमोर रडवणे हे त्या कलमाच्या भावनेला धरून नाही, आणि आपल्यापैकी बहुतेक शिक्षकांनाही ते मनातून पटत नसणार, याची मला खात्री आहे. जप्त केलेली वस्तू कायमची ठेवून घेणेही योग्य नाही. ती मुलाची किंवा त्याच्या पालकांची मालमत्ता आहे. शाळा सुटताना ती परत द्यावी किंवा पालकांच्या हाती सोपवावी.

शिक्षकांची अडचण मला दिसत नाही, असे कृपया समजू नये. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी ३० विद्यार्थ्यांमागे एक आणि सहावी ते आठवीसाठी ३५ विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असे प्रमाण सांगितले आहे. आपल्या शहरांतील अनेक खासगी शाळांच्या वर्गांत प्रत्यक्षात पन्नास-पंचावन्न मुले दाटीवाटीने बसलेली असतात. त्या वर्गात एकाच वेळी दहा ठिकाणी टपटप सुरू झाली तर बाईंनी कविता शिकवावी तरी कशी? सरसकट बंदी हा थकलेल्या शिक्षकाने शोधलेला सर्वांत सोपा मार्ग आहे आणि त्यांच्या जागी मी असते तर मलाही तो आधी सुचला असता. पण म्हणूनच हा भार एकट्या वर्गशिक्षिकेवर टाकून चालणार नाही. नियम संस्थेचा असेल, लेखी असेल, सर्व तुकड्यांना सारखा असेल, तर रोजचा वाद त्यांच्या टेबलावर येणार नाही.

आणि मुले इतकी चुळबुळ का करतात, हा प्रश्नही विचारायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दररोज सरासरी किमान ६० मिनिटे मध्यम ते जोरकस शारीरिक हालचाल हवी. आपल्या मुलाचा दिवस डोळ्यांसमोर आणून पाहा. सकाळी स्कूलबस, मग तासामागून तास बाकावर, पंधरा-वीस मिनिटांची मधली सुट्टी आणि तीही बहुतेक डबा संपवण्यात जाणारी, दुपारी पुन्हा बस, संध्याकाळी शिकवणी आणि गृहपाठ. इमारतीखालच्या जागेत गाड्या उभ्या असतात आणि जिथे थोडी मोकळी जागा उरली आहे तिथे ‘येथे चेंडू खेळू नये’ असा फलक असतो. शाळेला मैदान असावे असे कायद्याच्या निकषांत आहे, पण अनेक शाळांत ते आळीपाळीने किंवा वर्षातून क्रीडादिनापुरते मिळते. वेळापत्रकात असलेला पीटीचा तास परीक्षा जवळ आली की गणिताला किंवा राहिलेल्या धड्याला दिला जातो. गृहपाठ न केलेल्या मुलाची मधली सुट्टी काढून घेण्याची शिक्षा अजूनही दिली जाते, आणि ज्याला धावण्याची सर्वांत जास्त गरज असते तेच मूल बहुधा त्या शिक्षेला पात्र ठरते. इतके तास रोखून धरलेली हालचाल बोटांतून बाहेर पडणारच. खेळणे काढून घेतले तर ती पेनाच्या खटक्यातून, खोडरबराच्या तुकड्यांतून, बाकाच्या कडेवरून बाहेर पडेल. शाळांनी बंदीच्या सूचनेबरोबरच ‘पीटीचा तास यापुढे दुसऱ्या विषयाला दिला जाणार नाही’ अशी एक ओळ लिहिली असती, तर पालकांनी त्या सूचनेचे मनापासून स्वागत केले असते.

सहकारी पालकांनाही मला याच पत्रातून थोडे सांगायचे आहे, कारण सगळे शाळेने करावे आणि आपण फक्त तक्रार करावी, हे बरोबर नाही. स्पिनर कोणा एका कंपनीच्या मालकीचा नव्हता. ज्याच्याकडे साचा आणि बेअरिंग होते तो स्पिनर बनवू शकत होता, आणि म्हणूनच तो इतक्या झपाट्याने पसरला व त्याच्या दर्जाची जबाबदारी कुणावरच राहिली नाही. जून २०१७ मध्ये जर्मनीत फ्रँकफर्टच्या विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी असा ३५ टन माल असुरक्षित ठरवून नष्ट करायला घेतला होता. सुटणारे झाकण किंवा बेअरिंग लहान मुलाच्या घशात अडकू शकते. ज्या वस्तूला दिवा आहे तिच्यात बटणासारखी चपटी बॅटरी असते, आणि ती गिळली गेल्यास सुमारे दोन तासांतच अन्ननलिकेला गंभीर इजा होऊ शकते. मोठ्या भावंडाच्या दप्तरातून पडलेली अशी वस्तू घरातल्या रांगत्या मुलाच्या हाती लागणे अगदी सहज शक्य आहे. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचे आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. फेरीवाल्याकडच्या किंवा सुट्या विकल्या जाणाऱ्या मालावर ते बहुतेक वेळा दिसत नाही. दुकानात वस्तू हातात घेतल्यावर ते चिन्ह शोधावे, नसेल तर वस्तू परत ठेवावी, आणि वाढदिवसाच्या रिटर्न गिफ्टमध्ये ही खेळणी देणे आपण सर्वांनी मिळून थांबवावे. पन्नास मुलांच्या वर्गात एका पिशवीतून एकाच दिवशी पन्नास पॉप-इट पोहोचतात आणि मग आपणच शाळेकडे बंदीची मागणी करतो, हे थांबायला हवे. मूल खरोखरच बसू शकत नसेल, सूचना पुन्हा पुन्हा विसरत असेल, तर पाकिटावरच्या दाव्यावर विसंबून न राहता बालरोगतज्ज्ञांकडे किंवा शाळेच्या समुपदेशकांकडे जावे.

आता आपल्याकडे विनंती. महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, २०११ मुळे आपल्या शाळांत पालक-शिक्षक संघ आहेत, आणि अनुदानित व सरकारी शाळांत शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समित्या आहेत, ज्यांत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. हे संघ आणि समित्या शुल्कवाढीपुरत्या आणि स्नेहसंमेलनापुरत्या न ठेवता हा विषय त्यांच्यापुढे मांडावा. पुढील बैठकीच्या विषयपत्रिकेवर तो घ्यावा आणि आधी पाठवलेली सूचना तोवर स्थगित ठेवावी. नव्या नियमात वस्तूंच्या नावांची यादी देऊ नये, कारण दोन महिन्यांत नावे बदलतील. आवाज, प्रकाश आणि नजर वेधून घेणे या तीन कसोट्या द्याव्यात, म्हणजे पाउच आणि पेनांचा प्रश्नही त्यातच सुटेल. मधल्या सुट्टीत काय चालेल ते वेगळे लिहावे, आणि त्या वेळेत अदलाबदल व विक्री नको असेल तर तेही स्पष्ट सांगावे. ज्या मुलाला गरज आहे त्याच्यासाठी वर्गशिक्षिका, पालक आणि असल्यास समुपदेशक यांनी मिळून निर्णय घ्यावा, त्यासाठी प्रमाणपत्राची अट नसावी, आणि ती वस्तू कधी व कशी वापरायची ते मुलाला शिकवावे. बाकाच्या खालच्या बाजूला चिकटवलेली वेल्क्रोची पट्टी, खुर्चीच्या दोन पायांत ताणून बांधलेला रबरी पट्टा, मुठीतला मऊ चेंडू असे अनेक उपाय थेरपिस्ट सुचवतात. यांतले कोणतेही शेजारच्या मुलाला दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. दप्तरांची सामुदायिक तपासणी बंद करावी, जप्त केलेली वस्तू त्याच दिवशी परत करावी, दंड घेऊ नये. मधली सुट्टी शिक्षा म्हणून काढून घेतली जाणार नाही आणि पीटीचा तास पीटीसाठीच राहील, हे त्याच कागदावर लिहावे.

बैठकीत काय ठरले त्याचे इतिवृत्त सर्व पालकांना मराठीत आणि शाळेच्या माध्यमाच्या भाषेत पाठवावे. कामामुळे बैठकीला येऊ न शकणाऱ्या पालकांची मते आधी लेखी मागवावीत, आणि स्वमग्न किंवा अतिचंचल मुलांच्या पालकांना नाव न सांगता मत देण्याची सोय ठेवावी. नियमाचा मसुदा तयार करण्यासाठी वेळ देण्याची आमच्यापैकी अनेकांची तयारी आहे. आपण कळवल्यास आम्ही शाळेच्या वेळेत, आपल्या सोयीने, येऊ.

कळावे, लोभ असावा.

आपली विश्वासू,
प्राथमिक शाळेत शिकणाऱ्या दोन मुलांची आई
ठाणे